पाट साऱ्यांचा, काम कोणाचे?

आपल्याकडे दोन जुन्या म्हणी आहेत. एक म्हण म्हणते, "पाचामुखी परमेश्वर." पाच माणसे एकत्र बसून जे बोलतील, ते देवाचे बोलणे समजावे. दुसरी म्हण म्हणते, "बारभाईची शेती, काय लागेल हाती?" बारा जणांनी मिळून शेत केले, तर कोणाच्याच पदरात काही पडत नाही.

मग यांतली खरी म्हण कोणती?

दोन्ही खऱ्या आहेत. पाच जण बसतात, तेव्हा एकट्याला न सुचलेली गोष्ट सुचते. एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येते. म्हणून पाचामुखी परमेश्वर. पण विचार झाला, मंडळी उठली, आणि काम कोणी करायचे ते ठरलेच नाही, तर काय होईल? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहील. मग होते ती बारभाईची शेती.

पाच माणसांत परमेश्वर यावा, बारभाई होऊ नये, यासाठी काय करावे? तेच या पाठात पाहू.

एका गावातली गोष्ट

समजा, एक गाव आहे. नाव कोणतेही घ्या. नदीला बंधारा आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटावर साठ खातेदारांची शेती भिजते.

पावसाळा संपला. पाटात गाळ साचला होता. लव्हाळा माजला होता. दसरा झाल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली.

"औंदा पाट साफ केला पाहिजे," आबा म्हणाले.

"केलाच पाहिजे," सारे म्हणाले.

"दिवाळीच्या आत करू."

"करू की!"

सर्वांचे एकमत झाले. नारळ फुटला. चहा झाला. मंडळी घरी गेली.

दिवाळी आली आणि गेली. सरपंचांना वाटले, सोसायटीचे चेअरमन माणसे गोळा करतील. चेअरमनना वाटले, सरपंच दवंडी देतील. पोरांना वाटले, म्हातारी माणसे हाक मारतील तेव्हा जाऊ. म्हाताऱ्यांना वाटले, पोरे करतील. वरच्या अंगाला ज्यांची जमीन होती, त्यांना तर घाईच नव्हती. पाट गाळाने भरला, तरी त्यांच्या शेतात पाणी पोचतच होते.

पाण्याची पाळी सुरू झाली. वर पाणी तुंबले. खाली पोचेना. त्यात एका रात्री कोणीतरी पाटाचा काठ फोडून पाणी वळवून घेतले.

पाटाच्या अगदी शेवटाला, टेलला, एका बाईचा दीड एकर गहू होता. नवरा वारलेला. पदरी दोन लेकरे. गहू पोटरीला आला आणि पाणी नाही. ती आबांकडे गेली.

आबा म्हणाले, "वहिनी, मी एकटा काय करणार? सरपंचांना विचारा."

सरपंच म्हणाले, "पाटाचं माझ्याकडं नाही. चेअरमनना भेटा."

चेअरमन म्हणाले, "बैठकीत ठरलं होतं. सगळ्यांनी मिळून करायचं होतं."

गहू वाळला.

पुढच्या बैठकीला ती बाई आली आणि उभी राहिली. म्हणाली, "कोण चुकलं ते मी काढत नाही. पर पुढच्या साली पाणी आलं नाही, तर मी कोणाच्या दारी जाऊ? तेवढं एक नाव मला सांगा."

बैठक गप्प झाली. कोणालाच नाव सांगता येईना.

चूक कोठे झाली?

या गावात कोणी दुष्ट होते का? पाट फोडणारा सोडला, तर नाही. भांडण झाले का? नाही. सर्वांचे एकमतच होते. तरीही काम झाले नाही.

कारण निर्णय अर्धाच झाला होता. काय करायचे ते ठरले. कोणी करायचे, ते ठरले नाही. केव्हा सुरू करायचे, ते ठरले नाही. झाले की नाही हे कोण पाहणार, तेही ठरले नाही. "सगळ्यांनी करायचे" असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ "कोणीच करायचे नाही" असा होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. काम कोणाचे ते ठरले नाही, तर नुकसान सर्वांचे सारखे होत नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचे थोडे होते. टेलच्या शेतकऱ्याचे सारे जाते. ज्याच्याकडे माणसे आहेत, वजन आहे, तो आपले पाणी ओढून घेतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने कोणाकडे जावे? कामाची वाटणी नसली, की बळाचे राज्य येते. म्हणून कामाची वाटणी हा गरिबाचा आधार आहे.

फडाची जुनी रीत

ही गोष्ट आपल्या जुन्या लोकांना चांगली कळत होती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्या आहेत. या नद्यांवर लहान लहान बंधारे बांधून शेती भिजवण्याची एक जुनी रीत आहे. तिला फड पद्धत म्हणतात. ती काही शतकांची जुनी आहे.

फड म्हणजे काय? पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे. अशा एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात पुष्कळ शेतकऱ्यांची शेते असतात. पण एका फडात सारे मिळून एकाच प्रकारचे पीक घेतात. एका फडात ऊस, तर दुसऱ्यात रब्बीचे पीक. पुढे ही पिके फडाफडांतून फिरवतात. नदीला पाणी कमी असेल, त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवतात. एकाच फडात सारखे पीक असल्याने पाणी कधी आणि किती द्यायचे, हे सोपे होते. वाटेत पाणी फुकट जात नाही.

आता पाहा. कोणत्या फडात कोणते पीक, कोणता फड कोरडा, हे एकट्याने ठरवून चालेल का? नाही. ते गावाने बसून ठरवायचे. पण ठरल्यावर काय? ठरल्यावर प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असे.

पाटकरी पाणी वाटायचा. कोणत्या शेताला केव्हा पाणी द्यायचे, ते तो पाही. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाटाचे दार उघडायचे नाही, असा दंडक असे. जागल्या पिकाची राखण करायचा. गुरे शिरू नयेत, चोरी होऊ नये, हे त्याचे काम. या माणसांवर देखरेख करायला हवालदार असे. त्यांची मजुरी गावकरी बहुधा धान्याच्या रूपाने देत. पाट साफ करायची वेळ आली, की खातेदार आपापल्या वाट्याची माणसे पाठवत.

म्हणजे ठरवायचे गावाने. पाणी वाटायचे पाटकऱ्याने. राखायचे जागल्याने. देखरेख हवालदाराची. पाणी आले नाही, तर कोणाकडे जायचे, हे लहान पोरालाही ठाऊक असे.

काळ बदलला. नद्यांवर मोठी धरणे झाली, विहिरींना मोटारी बसल्या, तशी पुष्कळ ठिकाणी ही रीत मोडली. पण तिच्यातले शहाणपण जुने झाले नाही.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. साळुंखे हे इंजिनिअर होते. पुण्यात त्यांचा कारखाना होता. पाणी पंचायतीने काही नियम पक्के केले. पाण्याची योजना एकट्यासाठी नाही, गटासाठी करायची. घरातली माणसे मोजून पाणी द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. जमीन नसलेल्यालाही पाण्यात वाटा. आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. नियम आधीच ठरलेले असल्यामुळे, पाणी आल्यावर कोणाला किती, हा वाद राहिला नाही.

पुढे २००५ साली महाराष्ट्रात कायदाच झाला. धरणाच्या कालव्यावरचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी घ्यावे आणि आपसांत वाटावे, असे त्या कायद्याने ठरवले. या संस्थांच्या संचालकांत वरच्या, मधल्या आणि टेलच्या अशा तिन्ही अंगांचे शेतकरी घ्यावे लागतात. असे का? कारण ठरवणाऱ्यांत टेलचा माणूस नसेल, तर टेलला पाणी पोचत नाही, हे अनुभवाने कळले होते.

पाच प्रश्न

काम पाटाचे असो, शाळेची खोली बांधायचे असो, बचत गटाचे असो, दूध डेअरीचे असो, की जत्रेचे असो. उठण्याआधी बैठकीने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हाताला पाच बोटे आहेत. एका बोटाला एक प्रश्न, असे ध्यानात ठेवा.

पहिला प्रश्न : सल्ला कोणाचा घ्यायचा?

सल्ला दोन प्रकारच्या माणसांचा घ्यावा. ज्याला कामातले कळते, त्याचा. आणि ज्याच्यावर त्या कामाचा परिणाम होणार, त्याचा. पाटाची भिंत कोठे खचली, ते गवंड्याला विचारा. पाणी कोठपर्यंत पोचत नाही, ते टेलच्या बाईला विचारा. ती बैठकीत मागे बसली असेल, तर तिला पुढे बोलवा. मात्र सल्ला देणे निराळे आणि ठरवणे निराळे. सल्ला ऐकून घेतला, म्हणजे तो मानलाच पाहिजे असे नाही. पण का मानला नाही, ते सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न : शेवटचा शब्द कोणाचा?

प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला साठ माणसे बोलावली, तर कोणी येणार नाही. आणि मोठी गोष्ट एकट्याने ठरवली, तर भांडण होईल. म्हणून आधीच वाटणी करा. वर्गणी किती, पीक कोणते, पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, हे खातेदारांच्या सभेने ठरवावे. दोन फावडी आणि चार घमेली आणायची असतील, तर पंचांनी ठरवावे. किती रुपयांपर्यंतचा खर्च पंचांनी करावा, तो आकडा सभेनेच घालून द्यावा. एकमत झाले नाही तर काय करायचे, तेही आधी ठरवा. हात वर करून मोजणार की पंचांचा शब्द मानणार? वाद पेटल्यावर नियम करायला बसू नये. तेव्हा प्रत्येक जण आपल्या सोयीचा नियम मागतो.

तिसरा प्रश्न : करणार कोण?

येथे एक गोष्ट पक्की धरा. एका कामाला एक नाव. हाताखाली दहा माणसे असू देत. पण जाब द्यायला एकच माणूस असावा. "आबा आणि तात्या दोघे बघतील" असे ठरले, की आबा तात्यांवर सोडतात आणि तात्या आबांवर. नावाबरोबर तारीखही सांगा. "दिवाळीच्या आत" असे मोघम सांगू नका. अमुक वारी सकाळी सात वाजता बंधाऱ्यापाशी जमायचे, असे सांगा. आणि ज्याला काम द्याल, त्याला सभेत उभे करून विचारा, "करशील ना?" त्याच्या तोंडून होकार येऊ द्या. न आलेल्या माणसाच्या गळ्यात काम घालू नका.

चौथा प्रश्न : तपासणार कोण?

करणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. पैसे खर्च करणाऱ्यानेच हिशेब तपासू नये. वरच्या अंगाच्या मुकादमाने आपणच सांगू नये, की पाट साफ झाला. पाट साफ झाला की नाही, ते टेलच्या माणसाने पाहावे. पाणी त्याच्याकडे पोचले, म्हणजे काम झाले. यात कोणाचा अपमान नाही. तपासणी ही प्रामाणिक माणसाचीच ढाल आहे. उद्या कोणी वाकडे बोलले, तर त्याला वही उघडून दाखवता येते.

पाचवा प्रश्न : कळवायचे कोणाला?

निर्णय झाला, पण तो ज्याला कळला नाही, त्याच्यापुरता तो झालाच नाही. बैठकीला न आलेले खातेदार असतात. कामाला बाहेरगावी गेलेले असतात. पुष्कळ घरांत शेत बाई करते, आणि बैठकीला गडी जातो. मग पाळीची वेळ बाईला कळतच नाही. म्हणून निरोप कोणी द्यायचा, तेही एकाच्या नावावर टाका.

रात्री पाट फुटला तर?

कोणी म्हणेल, "हे सारे ठीक आहे. पण रात्री दोन वाजता पाट फुटला, तर काय सभा बोलवायची?"

प्रश्न बरोबर आहे. अडीअडचणीच्या वेळी कोणी काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते. पाट फुटला, तर पाटकऱ्याने कोणाला न विचारता वरचे दार बंद करावे. त्याला तेवढा अधिकार असावा. सकाळी त्याने पंचांना कळवावे. पंचांनी दुरुस्तीचे पाहावे. कोणाची पाळी बुडाली असेल, तर ती केव्हा भरून द्यायची, ते पंचांनी ठरवावे. पण पाटकऱ्याला दार बंद करायचा अधिकार दिला, म्हणजे पाळी बदलायचा अधिकार दिला, असे नाही. दोन्ही निराळे आहेत.

काम मिळाले म्हणजे मालकी मिळाली नाही

काही माणसे काम घ्यायला पुढे येतात आणि हळूहळू मालक होऊन बसतात. पाटकरी मर्जीतल्या माणसाला जास्त पाणी देतो. पंच स्वतःच दार उघडतात. खजिनदार पाच-पाच वर्षे वही दाखवत नाही.

म्हणून प्रत्येक कामाला कुंपण असावे. पंचांनी पाळी ठरवावी, पण दाराला हात लावू नये. पाटकऱ्याने दार उघडावे, पण पाळी बदलू नये. खजिनदाराने पैसे सांभाळावे, पण सहीशिवाय देऊ नयेत. आणि कोणतेही काम कायमचे कोणाचे नसावे. वर्ष संपले, की सभेने पुन्हा विचारावे. चांगले केले असेल, तर पुन्हा द्यावे. नसेल, तर बदलावे. माणूस बदलला, तरी त्याच्याशी वैर धरू नये.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ज्याला काम दिले, त्याला करू द्या. रोज उठून दहा जण दहा हुकूम सोडू लागले, तर चांगला माणूसही काम सोडून जाईल. काही चुकत असेल, तर सभेत सांगा. पाटावर जाऊन शिव्या देऊ नका.

आता लिहिता येते, तर लिहा

जुन्या काळी बरेचसे तोंडी चाले. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग येथे करा. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला शब्द राहतो. बैठक उठण्याआधी वहीत नोंद करा आणि ती मोठ्याने वाचून दाखवा. मग सह्या घ्या. तीच नोंद मोठ्या अक्षरांत लिहून देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लावा.

त्या गावाने पुढच्या साली अशी नोंद केली, असे समजा :

काम : पाट साफ करणे. लांबी दोन मैल.
सल्ला : गवंडी, पाटकरी आणि टेलचे दोन खातेदार.
ठरवणार : खातेदारांची सभा.
करणार : वरच्या, मधल्या आणि टेलच्या भागाला एकेक मुकादम. प्रत्येक घरातून एक माणूस.
दिवस : दसऱ्यानंतरचा पहिला आणि दुसरा रविवार. सकाळी सात वाजता.
न येणाऱ्याने : एका दिवसाची मजुरी भरावी.
पैसे सांभाळणार : खजिनदार. दोन पंचांच्या सहीशिवाय खर्च नाही.
तपासणार : टेलच्या खातेदारांतली एक बाई. तिने पाहून सही केल्यावर पाणी सोडावे.
कळवणार : गावचा शिपाई. घरोघर निरोप द्यावा.
पाणी न पोचल्यास : प्रथम पाटकऱ्याकडे जावे. एका दिवसात सोय न झाल्यास पंचांकडे जावे.

प्रत्येक कामापुढे त्या त्या माणसाचे नाव लिहिले. तपासणीपुढे कोणाचे नाव आले असेल? ज्या बाईचा गहू वाळला होता, तिचेच.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ती पाटाच्या काठाने टेलपासून बंधाऱ्यापर्यंत चालत गेली. दोन ठिकाणी गाळ राहिला होता. तिने मुकादमाला दाखवला. मुकादम जरा चिडला. पण सोमवारी सकाळी दोन माणसे घेऊन आला आणि गाळ काढला. मग तिने वहीत सही केली. सही करताना अक्षर थोडे वाकडे आले. पण ते सर्वांना वाचता आले.

आता त्या गावात कोणी विचारले, "पाणी आलं नाही, तर कोणाच्या दारी जाऊ?" तर भिंतीकडे बोट दाखवतात. तेथे नाव लिहिलेले आहे.

वाचा आणि बोला

१. तुमच्या गावात सर्वांच्या मालकीच्या कोणत्या गोष्टी आहेत? विहीर, पाट, शाळा, रस्ता, देऊळ?
२. त्यांपैकी एक घ्या. ती बिघडली, तर कोणाकडे जायचे? नाव सांगता येते का?
३. मागच्या बैठकीत ठरलेले एखादे काम राहिले आहे का? पाच बोटांचे पाच प्रश्न त्याला लावून पाहा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही?
४. वर दिली आहे तशी त्या कामाची नोंद वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.